साडेतीनच्या सासूबाई

आमच्या सासूबाई वारल्या त्याला वर्ष होत आलं होतं, तेव्हा त्या पुन्हा बोलायला लागल्या. कारण एवढंच, की मी कॉम्प्युटरमध्ये थोडी जागा केली.

सगळं क्रमाने सांगते. (मला क्रमाने सांगता येत नाही असं आमच्या ह्यांचं मत आहे. ते मत त्यांनी चाळीस वर्षं जपलंय, जपू देत.)

आमचा कॉम्प्युटर मंदारच्या कॉलेजच्या पहिल्या वर्षी घेतलेला. मंदार म्हणजे आमचा मुलगा. आता तो बंगळूरला असतो आणि त्याच्या डोक्यावरचे केस मोजता येतात, त्यावरून कॉम्प्युटरचं वय काढा. टेबलाखाली त्याचं काळं खोकं, धूळ बसू नये म्हणून त्यावर मी शिवलेलं फुलाफुलांचं झबलं, आणि टेबलावर पडदा. मी त्यावर माझ्या आठवणी टाइप करते. कोणाकडे शिकले नाही. एका बोटाने सुरुवात केली, आता दोन बोटांवर आलेय.

तर सोमवारी सकाळी मी ऐन रंगात असताना कोपऱ्यात पिवळा त्रिकोण उगवला. जागा संपली म्हणे. तसा तो महिनाभर अधूनमधून उगवत होताच, पण आता कॉम्प्युटर इतका मंदावला होता की मी ‘क’ दाबून चहाचं आधण ठेवून यायचे, तेव्हा कुठे तो ‘क’ उमटायचा. एवढी जागा खाल्ली कोणी? मी लिहून लिहून किती लिहिते!

मंदारला फोन लावला. तो मीटिंगमध्ये होता. हळू आवाजात म्हणाला, “आई, माझे जुने गेम्स उडव. मग कचरापेटी रिकामी कर. बाकी कशालाही हात लावू नकोस.”

गेम्स उडवले. त्यात काही अवघड नव्हतं, त्या बंदुकांच्या आवाजाने मी पूर्वी पुष्कळ वैतागलेली होते. मग कचरापेटी उघडली. आत पाकिटंच पाकिटं. वरच्या बाजूला एकाखाली एक दोन वाक्यं लिहिलेली. पहिल्यावर टिचकी मारली, तर त्याने उलट मलाच विचारलं: हे सगळं कायमचं नष्ट होईल, तुमची खात्री आहे ना?

आता मला सांगा, असं कोणी विचारतं का? मी श्रीखंडाचा रिकामा डबा टाकताना तीनदा विचार करणारी बाई. ‘कायमचं’ हा शब्द वाचला आणि माझा हात मागे आला. पुन्हा धीर केला, पुन्हा तोच प्रश्न. तिसऱ्यांदा मी त्याच्याशी बोलणंच सोडलं आणि खालच्या दुसऱ्या वाक्यावर टिचकी मारली. ते बिचारं गुणी निघालं. एका शब्दाने काही विचारलं नाही. थोडा वेळ खुडबुड झाली आणि पेटी स्वच्छ रिकामी! त्रिकोणही गेला. मी मोठ्या समाधानाने पडद्याचं बटण दाबलं, कॉम्प्युटर बंद केला, आणि स्वयंपाकाला लागले.

त्याच दुपारी साडेतीनला आमच्या रिकाम्या घरात कुकरची शिट्टी झाली.

हे दुपारी तीनला ज्येष्ठ नागरिक संघात बुद्धिबळ खेळायला जातात ते सहाला येतात. मी हॉलमध्ये कोचावर आडवी झाले होते. पुण्यातली दुपार, खाली वॉचमनसुद्धा पेंगलेला. शिट्टी झाली तशी मी सवयीने उठले. दुसरी झाली तेव्हा स्वयंपाकघराच्या दारात होते. गॅस बंद. कुकर घासून पालथा घातलेला, कोरडा ठाक. आणि तिसरी शिट्टी मी त्या पालथ्या कुकरकडे बघत बघत ऐकली.

शेजाऱ्यांची असेल, असं म्हणणार तोच आतल्या खोलीतून खोकला आला.

आतली खोली आमच्या सासूबाईंची. त्या गेल्यापासून तिथे त्यांची कॉट, लाकडी कपाट आणि माझ्या पापडांचे डबे, एवढंच. त्यांच्या खोकल्याची एक पद्धत होती. दोन लहान, मग जरा थांबून एक मोठा. तो मोठा ऐकला की मी समजायचे, आता काहीतरी बोलणं ऐकायचंय. दोन लहान झाले. एक मोठा झाला. आणि दाराआडून स्वच्छ शब्द आले, “आधी हात धू.”

मी धुतले. खोटं कशाला सांगू, सिंकपाशी जाऊन साबणाने धुतले.

चार वाजता सगळं थांबलं, तेही शब्दाच्या मधोमध. रेडिओ बंद करावा तसं नाही, तोंडावर हात ठेवावा तसं. धीर करून दार ढकललं. कॉट, कपाट, पापड. कॉटवरची चादर अशी ताणलेली की मुंगीसुद्धा बसून गेली असती तर कळलं असतं.

संध्याकाळी ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, “दुपारी भजी खाल्लीस का?”

मंगळवारी साडेतीनला पुन्हा. बांगड्यांचा आवाज, खिसणीवर काहीतरी खिसल्याची खरखर, आणि आईंचं, “बारीक खीस, घाई कसली आहे?” मी गॅलरीत जाऊन चार वाजेपर्यंत उन्हात उभी राहिले. समोरच्या बिल्डिंगमधल्या बाईंनी हात हलवला. मीही हलवला. माणूस दिसलं की बरं वाटतं.

बुधवारी मात्र कहर झाला. आत दोघीजणी होत्या.

एक आई. आणि दुसरी एक परकी बाई. आवाज जरा चिरका, नाकातला, आणि काय तो वेग! दार बंद, त्यामुळे शब्द नीट कळत नव्हते, पण धबधबा नुसता. आई म्हणायच्या, “तर मग गूळ...” की ही बाई सुरू. आई दोन मिनिटांनी पुन्हा, “हां, तर गूळ...” की ही पुन्हा सुरू. मी दाराला कान लावून उभी होते आणि सांगते, भीती बाजूला राहिली, मला राग आला. हयातभर आमच्या आईंना कोणी मधे तोडलं नाही (निदान माझा तसा समज होता), आणि आता वर गेल्यावर असली शेजारीण मिळावी? तिथे काही जागा बदलून मिळायची सोय असते की नाही, कोण जाणे.

त्यात मधेच तिचं एक वाक्य स्पष्ट ऐकू आलं. आमच्या सोसायटीची लिफ्ट दुसऱ्या मजल्यावर अडकली होती आणि आत कोण होतं, हे ती आईंना रंगवून सांगत होती. माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. हिला आमची लिफ्ट कशी माहीत? पुढे तर ती गुडघ्याविषयी बोलली. डावा गुडघा, जिना उतरताना कुठे चमक येते, कोणत्या तेलाने उतरते. डावा गुडघा माझा दुखतो. नेमका तसाच. म्हणजे ती कोण होती ती माझ्या पाळतीवर होती, आणि रोज वर जाऊन सासूबाईंना खबर देत होती!

गुरुवारी रात्री जेवताना मी ह्यांना पुन्हा सांगणार, तोच त्यांनीच विषय काढला. पण वेगळा.

“विजू शनिवारी येतेय. साडेचारपर्यंत पोचेल.”

विजू म्हणजे माझ्या नणंदबाई, विजूवन्सं, नाशिकच्या. रविवारी आईंचं वर्षश्राद्ध होतं. मागच्या वर्षी आई गेल्या तेव्हा वन्संच्या खुब्याचं ऑपरेशन झालेलं, त्या पलंगावरून हलू शकत नव्हत्या. आईंचं शेवटचं तोंड त्यांना फोनच्या पडद्यावर दाखवलं, तेही हलत होतं. ते शल्य त्यांना वर्षभर खातंय.

“तिला आईची रेकॉर्डिंग ऐकायचीयत,” हे म्हणाले. “घारग्यांची. म्हणाली, दादा, दुसरं काही नको, मला आईचा आवाज एकदा शांतपणे ऐकू दे.”

तर ही रेकॉर्डिंग म्हणजे अशी. आईंच्या हातचे तांबड्या भोपळ्याचे घारगे आमच्या सगळ्या गोतावळ्यात प्रसिद्ध होते. वन्संनी आयुष्यभर करून पाहिले, त्यांचे दगड व्हायचे. म्हणून शेवटच्या दोन-तीन महिन्यांत मंदारने एक माईक पाठवला आणि मला सांगितलं, आजीला बोलती कर आणि सगळं कॉम्प्युटरमध्ये साठव. ती जबाबदारी माझी. सकाळी आई स्वयंपाकघराच्या दाराशी खुर्चीवर बसायच्या, मी बटण दाबायची आणि त्या सांगायच्या.

मी म्हटलं, “हो, ऐकू दे ना. कॉम्प्युटरमध्येच आहेत, ‘आजी’ नावाच्या पाकिटात.”

हे आमटीचा भुरका घेत म्हणाले, “पाकिटात कुठली? मी रोज संध्याकाळी उचलून कचरापेटीत ठेवत होतो.”

माझ्या हातातला घास हातातच राहिला.

“कचरापेटीत?”

“मग? सुट्टीत पोरं येतात, वाटेल तिथे टिचक्या मारतात. कचऱ्यात कोण हात घालतंय? सगळ्यात सुरक्षित जागा.”

आता हे ऐकून तुम्हाला वाटेल, या माणसाचं डोकं ठिकाणावर आहे ना? पण यांचा दोष नाही, ही या घराची रीतच आहे. आईंनी त्यांच्या सोन्याच्या पाटल्या उभा जन्म चिंध्यांच्या बोचक्यात ठेवल्या. चोर कपाट फोडेल, चिंध्या कशाला उचकेल, हा हिशोब. लग्न होऊन मी नवी आलेली, मला कोणी सांगितलं नाही, आणि मी घर आवरताना ते बोचकं भांडीवालीला देऊन बदल्यात स्टीलचं पातेलं घेतलं. हे अनवाणी चौकापर्यंत धावले होते तिच्यामागे. पाटल्या परत आल्या, पातेलं गेलं. त्यानंतर आई मला एवढंच म्हणाल्या होत्या, “सुलभा, या घरात काही टाकायचं झालं तर आधी विचारत जा.”

चाळीस वर्षांनी मी तेच केलं होतं. आणि या वेळी भांडीवाली कोणत्या चौकात गाठायची?

ह्यांना सांगायची हिंमत झाली नाही. जेवण झाल्यावर मी पेटी उघडून पाहिली. रिकामी. त्या रिकामपणाकडे बघताना माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. सोमवारी सकाळी मी पेटी रिकामी केली. सोमवारी दुपारी आई बोलायला लागल्या. म्हणजे मी त्यांना तिथून हाकलून दिलं होतं! राहायला जागा उरली नाही, म्हणून त्या आपल्या खोलीत परत आल्या होत्या.

शुक्रवारी मी घारगे केले. (माझे दगड होत नाहीत, पण तोंडात विरघळतही नाहीत.) ताटलीत पाच घातले, वर तुपाची धार, आणि सव्वातीनला त्यांच्या खोलीचं दार उघडून कॉटसमोर पाट मांडून बसले. भिंतीवरच्या घड्याळाचा काटा सहावर आला आणि कपाटाच्या बाजूने बारीक खरखर सुरू झाली. मी हात जोडले.

“आई,” मी म्हटलं, “चुकलं माझं. रागावलात का?”

खोकला. दोन लहान, एक मोठा.

“रागवू नको तर काय करू,” आई म्हणाल्या. “झाकण उघडं टाकून गेलीस.”

तरी मी बोलत राहिले, कारण गप्प बसले असते तर ओरडले असते. “विजूवन्सं यायच्यात हो उद्या. तुमचा आवाज ऐकायला येतायत. मी त्यांना काय सांगू?”

“सांगते. तू जरा गप्प बस.”

मी गप्प बसले. पण ती दुसरी बसली नाही! आईंनी ‘गूळ’ म्हणायचा अवकाश, ती कपाटामागून सुरू झाली, आणि चार वाजेपर्यंत तिने जी काही लाज सोडली, ती मी पाटावर बसून हताशपणे ऐकली. घारगे थंड झाले. मग मीच खाल्ले.

शनिवारी माझा बेत ठरलेला होता. वन्सं साडेचारला येणार, तोवर चारचा ठोका होऊन गेलेला असेल. पुढचं पुढे. पण वन्संना नाशिकहून लवकरची गाडी मिळाली आणि तीनलाच रिक्षा दारात. हे नुकतेच संघात गेलेले. मी चहा केला, पोहे केले, वन्संना म्हटलं, चला, कोपऱ्यावर जाऊन भोपळा आणू. त्या म्हणाल्या, खुबा दुखतोय गं. म्हटलं, मग गॅलरीत बसू, वारा छान येतो. त्या उठल्या, काठी घेतली आणि सरळ आईंच्या खोलीकडे निघाल्या.

“तिच्या कॉटवर जरा पडते, वहिनी. तेवढ्यासाठी तर आले.”

घड्याळात तीन अठ्ठावीस झाले होते.

मी दारात आडवी उभी राहिले. काय बोलले ते आता आठवत नाही. झुरळांचं औषध, ओली फरशी, कॉटचा पाय, असं बरंच असावं. वन्संनी मला हाताने बाजूला केलं, आत जाऊन कॉटवर बसल्या, उशीवर तळवा ठेवला. आणि कपाटाच्या बाजूने खरखर आली.

“विजूला सांग,” आई म्हणाल्या, “भोपळ्याला पाणी अजिबात घालायचं नाही.”

मी डोळे मिटून घेतले. किंकाळीची वाट पाहत होते. ती आली नाही. डोळे उघडले तर वन्सं तशाच बसलेल्या, उशीवर हात, गालांवरून पाणी. हललीसुद्धा नाही ती बाई. मान तेवढी कलती केलेली, लहान मुलगी ऐकते तशी.

मला राहवलं नाही. मी दारातच सगळं भडाभडा सांगून टाकलं. कचरापेटी, रेकॉर्डिंग पुसलं गेलं ते, माझ्या हातून, आणि आई रोज येतात ते. “आणि त्यांच्याबरोबर एक दुसरी बाई असते हो, वन्सं. भयंकर. कुठली अतृप्त आहे कोण जाणे. आईंना एक वाक्य पुरं करू देत नाही. ऐका, ऐका, आता येईल बघा ती.”

“आता गूळ,” आई म्हणाल्या. “गूळ घ्यायचा तो...”

आणि ती आली. चिरकी, नाकातली, धो धो. गुळावरून तिला मावशीकडचं गुऱ्हाळ आठवलं होतं.

वन्संनी डोळे पुसले. माझ्याकडे पाहिलं.

“वहिनी,” त्या म्हणाल्या, “ही तू आहेस.”

“छे, काहीतरीच काय,” मी म्हटलं.

“छे, काहीतरीच काय,” कपाटामागून ती बाई आईंना म्हणाली. त्याच सुरात. शेवटच्या ‘काय’ला तोच हेलकावा.

मी पापडाच्या डब्यावर बसले.

“माझा आवाज असा आहे?”

“पहिल्यापासून,” वन्सं म्हणाल्या.

कपाटामागे काठी घालून वन्संनीच तो शोधून काढला. धुळीने पांढरा झालेला एक स्पीकर, त्यावर हिरवा ठिपका पेटलेला. त्याची तार भिंतीच्या कडेने, पापडांच्या डब्यांमागून, हॉलमध्ये कॉम्प्युटरच्या खोक्यापर्यंत. मी झबल्याखाली हात घातला तर खोकं कोमट, आणि आत मांजरासारखी घुरघुर चाललेली.

मंदारला मीटिंगमधून बाहेर काढलं. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि आधी म्हणाला, “आई, पडदा बंद केला म्हणजे कॉम्प्युटर बंद होत नाही. किती वेळा सांगितलं?” मग बाकीचं उलगडलं. कॉलेजात असताना त्याने आजीला दुपारच्या झोपेतून उठवायला एक युक्ती केली होती. बुधवार पेठेतून लांब तार आणून स्पीकर तिच्या खोलीत लावला, आणि रोज साडेतीनला ‘आजी’ पाकिटातली भजनं आपोआप अर्धा तास लागतील असं करून ठेवलं. आठवड्याभरात आईंनी सांगितलं, मी माझी उठते, हे काढ. त्याने भजनं काढली. गजर काढायचा राहिला. तेव्हापासून तो गजर रोज साडेतीनला ते रिकामं पाकीट उघडून बघत होता आणि काही नाही म्हणून मिटत होता. इतकी वर्षं. (हे ऐकताना मला पुन्हा एकदा काटा आला, तो अजून गेलेला नाही.) पुढे रेकॉर्डिंग त्याच पाकिटात पडायची, पण दुसऱ्या दिवशीचे साडेतीन वाजायच्या आत ह्यांनी ती कचऱ्यात हलवलेली असायची.

“पण मी तर पेटी रिकामी केली,” मी म्हटलं.

“दुसरं वाक्य दाबलंस ना? ते ‘सगळं परत जागेवर ठेवा’ असं आहे. गेम्स तेवढे थेट उडाले, म्हणून जागा झाली. बाकी काही पुसलं गेलं नाही, आई. सगळंच्या सगळं घरी आलं.”

वन्सं हसायला लागल्या. मी रडायला लागले. संध्याकाळी हे आले तेव्हा मी हसत होते आणि वन्सं रडत होत्या, आणि ह्यांनी विचारलं, पोहे उरलेत का?

रविवारी श्राद्ध झालं, पंगत उठली, आणि आम्ही तिघं मधलं मधलं पुढे ढकलत ऐकायला बसलो. तेव्हा कळलं की जागा कोणी खाल्ली होती. मी सकाळी बटण दाबायची ती बंद करायचं विसरून जायची. संध्याकाळी हे बंद करायचे. मी विचारलं, “रोज चालू राहतंय हे सांगायचं नाही का मला?” हे म्हणाले, “मला वाटलं, तुझं अजून संपायचंय.”

दिवसदिवसभराचा आवाज होता तो. त्यात आई बोलत होत्या थोडं. गूळ किती, हे सांगायला त्या चौदा वेळा आल्या. चौदा वेळा मी त्यांना अडवलं. गुऱ्हाळ, लिफ्ट, गुडघा, चुलत जावेचं बारसं. वन्सं वही-पेन घेऊन बसल्या होत्या. कागदावर ‘गूळ’ एवढंच लिहिलेलं, पुढे कोरं. त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू ओसरत गेलं, आणि मला माझ्याच आवाजाला तोंडात बोळा कोंबावासा वाटायला लागला. शेवटच्या दिवसाचं तेवढं ऐकायचं राहिलं होतं. त्या दिवशी मी मधेच खाली कुरिअर घ्यायला गेले होते. दाराचा आवाज झाला. माझी चप्पल जिन्यावर वाजत गेली. मग शांतता. मग आईंचा आवाज, अगदी माईकजवळ, हळू.

“गेली का? हां. विजू, घे लिहून पटकन. खिसलेल्या भोपळ्याच्या वाटीला पाऊण वाटी गूळ. शिजवून निवू दे. कणीक मोजायची नाही. मावेल तेवढीच घालायची, दोन चमचे तांदळाची पिठी. तू मोजून घालतेस म्हणून दगड होतात. आणि खुबा सांभाळ. मला बघायला यायची घाई करू नकोस, मी बरी आहे. सुलभा बोलत असते दिवसभर, घरात जाग असते. ती दोन दिवस कुठे गेली की मला या घराची भीती वाटते.”

मग जिन्यावर चप्पल. मग मी. “अहो आई, काय सांगू, कुरिअरवाला म्हणाला...”

वन्संनी वही मिटली. घारगे त्यांनी तिथेच करून पाहिले, दुसऱ्या घाण्याला जमले.

मंदारने लांबून काहीतरी करून आईंचं बोलणं तेवढं वेगळं काढलं. सगळं मिळून सतरा मिनिटं भरली. ती ‘आजी’ पाकिटात ठेवली, गजर मुद्दाम तसाच ठेवला. उरलेली माझी बडबड ह्यांनी उचलून कचरापेटीत टाकली. मी रागावले नाही. या घरात कचऱ्यात काय ठेवतात, ते मला आता माहीत झालंय. त्यामुळे पेटी रिकामी करायची नाही, असं ह्यांनी कागदावर लिहून पडद्याला चिकटवलंय, आणि पिवळा त्रिकोण पुन्हा उगवलाय.

आता रोज साडेतीनला आई बोलतात. तीन सत्तेचाळीसला थांबतात. त्यानंतर घरात जी शांतता पसरते ना, तिची मला खरी भीती वाटते. म्हणून मग मी लगेच बोलायला लागते.